मतदानाचा टक्का आणि आपली मतदारयादी

लोकसभेचे मतदान झाले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक आकडा छापून येतो. अमुक मतदारसंघात शेकडा इतके मतदान. मग एस. टी. स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, आमच्या बँकेत काउंटरसमोरच्या रांगेत त्या आकड्याची चर्चा चालते. आकडा वाढला तर लोक जागे झाले म्हणतात, घटला तर लोक आळशी झाले म्हणतात. तो आकडा निघतो कसा, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. आमचा धंदाच आकड्यांचा; शिवाय मतदान अधिकारी म्हणून केंद्रावर जाण्याचा आदेशही आम्हांस एकाहून अधिक वेळा आलेला आहे. म्हणून स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी म्हटले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

टक्का म्हणजे एक साधा भागाकार होय. वर अंशात मत दिलेल्यांची संख्या, खाली छेदात मतदारयादीतील एकूण नावे. अंशाबद्दल फारशी अडचण येत नाही. केंद्रावर पहिला अधिकारी यादीतले नाव व अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकू शकतात. तो नावाखाली रेघ ओढतो. मतदार स्त्री असेल तर शिवाय बाजूला बरोबरची खूण करतो, कारण स्त्री-पुरुषांची संख्या वेगवेगळी कळवावी लागते. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो, १७-ए या रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करून देतो. संध्याकाळी यंत्रावरील एकूण मते व रजिस्टरातील नोंदी यांचा मेळ घालून १७-सी हा हिशेब भरला जातो व त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. दिवसभर दर दोन तासांनी जे आकडे कानावर येतात ते केंद्रांकडून घाईने कळविलेले असतात. पक्का आकडा या कागदांवरून नंतर तयार होतो. बँकेत संध्याकाळी कॅश जुळविण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि जुळेपर्यंत कोणाला घरी जाता येत नाही.

खरा घोळ छेदात आहे. तो कसा, हे आपल्याच बारामती मतदारसंघाच्या २०२४ च्या आकड्यांवरून पाहू.

बारामती लोकसभा मतदारसंघात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर व खडकवासला असे सहा विधानसभा विभाग आहेत. ७ मे २०२४ रोजी येथे मतदान झाले. एकाच घरातील श्रीमती सुप्रिया सुळे व श्रीमती सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद-भावजय, समोरासमोर उभ्या होत्या. साऱ्या देशाचे लक्ष या लढतीकडे लागलेले. यादीत सुमारे २३ लाख ७२ हजार नावे होती. मतदान १४ लाख ११ हजारांवर झाले, म्हणजे शेकडा ५९.५०. विभागवार पाहिले तर बारामतीत ६९.४८, इंदापुरात ६७.१२, दौंडमध्ये ६०.२९, भोरमध्ये ६०.११, पुरंदरमध्ये ५३.९६ आणि खडकवासल्यात ५१.५५.

या सहा टक्क्यांची नुसती सरासरी काढली तर ६०.४ येते. प्रत्यक्षात साडेएकोणसाठच भरले, कारण सर्वांत कमी मतदान झालेल्या खडकवासल्याची यादी सर्वांत मोठी आहे. तेथे सुमारे ५ लाख ३८ हजार नावे. बारामतीत ३ लाख ६९ हजार, इंदापुरात ३ लाख २३ हजार. खडकवासल्याने बारामतीच्या दराने मतदान केले असते तर सुमारे ९६ हजार मते अधिक पडली असती व साऱ्या मतदारसंघाचा टक्का साडेत्रेसष्टच्या वर गेला असता. तेव्हा 'बारामतीचा टक्का घसरला' असे वर्तमानपत्रात वाचून इंदापूर किंवा बारामती तालुक्यातील माणसाने मान खाली घालण्याचे कारण नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शासनाने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर हे चारही होते. त्या दुष्काळात, मे महिन्याच्या उन्हात, या दोन तालुक्यांतील शंभरांपैकी सदुसष्ट ते एकोणसत्तर माणसे केंद्रापर्यंत गेली.

आता प्रश्न असा की खडकवासल्याची माणसे आळशी आहेत काय? धायरी, वारजे, सिंहगड रस्ता हा तो भाग. तेथल्या इमारतींत व चाळींत कोण राहते? आपलीच माणसे राहतात. इंदापूरच्या पूर्व भागातून, बारामतीच्या सुपे-मोरगावकडील जिरायत भागातून नोकरीसाठी गेलेली, आणि सोलापूर-मराठवाड्यातून आलेली. यांतील पुष्कळांचे नाव गावच्या यादीत तसेच राहिलेले असते व पुण्याचे भाडेकरार, गॅस, रेशनकार्ड करताना तेथेही नाव लागलेले असते. निवडणुकीत असा माणूस गावी येतो, भावकीला भेटतो, मत देतो व परत जातो. गावच्या हिशेबात तो अंशातही आला व छेदातही आला. पुण्याच्या हिशेबात तो फक्त छेदात राहिला. म्हणजे एकाच माणसाने गावचा टक्का वाढविला आणि शहराचा उतरविला, आणि मत दिले एकच. शहरातल्या उदासीनतेचे इतर खरे कारण नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षी पुणे मतदारसंघात शेकडा ५३.५४, शिरूरमध्ये ५४.१६ व मावळात ५४.८७ एवढेच मतदान झाले. परंतु या दुबार नावांचा हिशेब केल्याशिवाय शहरवासीयांना शिव्या देणे बरे नव्हे.

दुसरी गंमत पाहा. २०१९ साली बारामती मतदारसंघात शेकडा ६१.७ मतदान झाले होते. म्हणजे २०२४ मध्ये दोन टक्क्यांहून अधिक घट. घरातल्याच लढतीमुळे मतदार गोंधळला व घरी बसला, असा अर्थ अनेकांनी काढला. थोडेफार तसे झालेही असेल. पण २०१९ मध्ये यादीत २१ लाखांच्या थोडी वर नावे होती व सुमारे १३ लाख लोकांनी मत दिले. २०२४ मध्ये १४ लाख ११ हजारांनी दिले. म्हणजे मत देणारी माणसे लाखाहून अधिक वाढली, यादी मात्र अडीच लाखांवर वाढली, आणि म्हणून टक्का उतरला. अंश वाढूनही भागाकार कमी येतो, हे पाचवीतल्या मुलालाही समजते. चर्चा करणारे ते विसरतात.

टक्क्यात माणसांच्या मनाचे काही दिसतच नाही असे मात्र नव्हे. २००९ साली याच मतदारसंघात शेकडा ४६ च्या आसपास मतदान झाले होते व निकालात तीन लाख छत्तीस हजारांचे अंतर पडले. निकाल ठरलेलाच आहे असे वाटले की पाच मैल कोण जातो? २०१४ मध्ये मतदान जवळजवळ ५९ वर गेले आणि अंतर सत्तर हजारांच्या आत आले. त्या वर्षी देशभरच टक्का वाढला होता हे खरे. तरीही चुरस असली की पावले केंद्राकडे वळतात, हे आम्ही केंद्रावर बसून पाहिले आहे.

देशाचा आकडाही असाच वरखाली होत आलेला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत यादीत १७ कोटी ३२ लाख नावे होती व मतदान शेकडा ४५ च्या आसपास झाले. १९७७ ला ६० च्या थोडे वर, १९८४ ला जवळजवळ ६४, १९९१ ला ५७ च्या आत, २०१४ ला ६६.४, २०१९ ला ६७.४ हा आजवरचा उच्चांक, व २०२४ ला ६६ च्या आसपास. या शेवटच्या निवडणुकीत देशात ६४ कोटींहून अधिक लोकांनी मत दिले. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे, न दिल्यास दंड होतो, म्हणून तेथे नव्वदच्या आसपास टक्का असतो. आपल्याकडे सक्ती नाही. सक्ती नसताना इतकी माणसे रांगेत उभी राहतात ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

पहिल्या निवडणुकीच्या यादीची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. यादी करणारे लोक घरोघर गेले तेव्हा पुष्कळ ठिकाणी बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. त्यांनी मतदान केले नाही असे कोणी म्हणेल काय? त्यांना ते करताच आले नाही. आणि छेदातूनच त्या बाहेर पडल्यामुळे टक्क्यात त्यांचा मागमूसही नाही. पुढे दिवस पालटले, २०१९ च्या लोकसभेत देशातील स्त्रियांचा टक्का प्रथमच पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेला. पण यादीत नाव नसलेला माणूस टक्क्यात दिसत नाही, हा नियम १९५२ प्रमाणेच आजही आहे.

यादी ही अशी दाराची चौकट आहे, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती मताधिकाराच्याच प्रश्नावर. त्या काळी मताचा हक्क जमीनमहसूल, कर, शिक्षण यांवर बेतलेला होता. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे नाव यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ती घटनेच्या ३२६ व्या कलमात उतरली. आरंभी वयाची अट २१ वर्षांची होती, ती ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये १८ वर आली. म्हणजे आपल्या आजोबांचे नाव यादीत नव्हते, ते कायद्यानेच येऊ शकत नव्हते. आज आपल्या घरातील कोणाचे नाव नसेल तर त्याला कायदा कारण नाही.

मग कारण काय? आपल्या वस्तीचीच यादी उघडून पाहू. समजण्यासाठी एक कल्पित केंद्र घेऊ, हजार नावांचे. त्यांत साठ माणसे वारलेली आहेत, पण नावे तशीच. नव्वद माणसे पुण्या-मुंबईला कायमची गेलेली. पन्नास मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. राहिली आठशे. त्यांतील ६४० जणांनी मत दिले तर कागदावर टक्का ६४ येतो. प्रत्यक्षात मात्र हजर असलेल्या शंभरांतील ऐंशी जणांनी मत दिले. आता याच वस्तीत अठरा पूर्ण झालेली तीस मुले व नव्याने सून म्हणून आलेल्या चाळीस मुली आहेत, ज्यांचे नाव यादीत नाही. ही सत्तर माणसे कोणत्याच आकड्यात नाहीत. टक्का वाढो की घटो, त्यांना त्याचा पत्ताच नाही.

आमच्या मते सर्वांत अधिक मते सुनांची बुडतात. माहेरच्या यादीत वडिलांच्या नावाने नाव असते, तेथे ती मतदानाला जात नाही. सासरच्या यादीत नाव घालायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. आधारकार्डावर जुने आडनाव, ओळखपत्रावर जुने गाव. पाच-सात वर्षे अशीच जातात. मतदानाच्या दिवशी घरातील सारी माणसे जातात, ही घर सांभाळते. तिला आळशी म्हणणारा एकही माणूस आम्हांस भेटलेला नाही, आणि तिचे नाव लावून देणाराही फार क्वचित भेटतो.

मृतांच्या नावांबद्दल लोक हळवे असतात हेही आम्ही पाहिले आहे. आईचे नाव कमी करण्यासाठी ७ नंबरच्या फॉर्मवर सही करायची म्हटले की मुलाचा हात थांबतो. ते समजण्यासारखे आहे. पण ज्या नावाला माणूस नाही ते नाव दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू शकते, एवढे लक्षात घ्यावे. आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेले असेल तर केंद्राध्यक्षाकडे 'प्रदत्त मत' मागता येते. ते कागदी मतपत्रिकेवर असते व वेगळ्या पाकिटात जाते. अनेकांना हे ठाऊक नसल्यामुळे ते भांडून परत जातात.

दोन गैरसमज येथे दूर करू. एक, सलग दोन निवडणुकांत मत दिले नाही तर नाव कापले जाते, असे पुष्कळ लोक समजतात. हे खरे नाही. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते, पण मतदारयादीला तसा नियम नाही. नाव कमी होते ते मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशा कारणांनी. आणि माणूस राहत नाही म्हणून नाव कमी करायचे असेल तर त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देण्याचे बंधन १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. दोन, ओळखपत्र आहे म्हणजे मत आहे, हा समज. हा समज फार नुकसान करतो. ओळखपत्र हा केवळ ओळखीचा पुरावा. हक्क यादीतील नावाने येतो. नाव असेल व ओळखपत्र हरवले असेल तर आधारकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, एवढेच काय, फोटो लावलेले बँकेचे पासबुकही चालते. ओळखपत्र आहे पण नाव नाही, तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसते. म्हातारी माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कार्ड काढून टेबलावर ठेवतात आणि त्यांना नाही म्हणावे लागते. त्या कामातला हाच भाग आम्हांस जड जातो.

नाव कोठे असावे याबद्दलही कायदा स्पष्ट आहे. माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे. गावात केवळ घर आहे म्हणून गावात नाव राहू शकत नाही. उलट काही काळ पोटासाठी बाहेर गेला म्हणून गावचे नाव जात नाही. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या उसावर बीड-नगरकडून कोयत्याच्या टोळ्या येतात. त्यांचे मत त्यांच्या गावीच राहते. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये ते बहुधा घरी परतलेले असतात. पण २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होते व गाळप हंगामाची तारीख १५ नोव्हेंबर. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाने त्या पाच दिवसांत काय करावे? त्याचा हक्क कायद्यात शाबूत होता, फक्त तो शंभर-दीडशे मैल दूर होता. आपल्यातलीही जी माणसे वीटभट्टीवर वा बांधकामावर जातात त्यांची हीच गत. पुण्याला फ्लॅट घेऊन स्थायिक झालेल्याने मात्र गावचे नाव पुण्याला न्यावे. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्यास धरून नाही व दोन्हीकडे मत दिले तर दोन्ही मते बाद ठरतात.

कामगारांसाठी एक गोष्ट. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणे मालकावर १९५१ च्या कायद्याच्या १३५-बी कलमाने बंधनकारक आहे. एम.आय.डी.सी.तील कंपनी असो, दुकान असो की रोजंदारी असो. दंड अवघा पाचशे रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे कायद्याचा धाक किती हे सांगायला नको. परंतु मागायचे तर कलमाचा आकडा तोंडपाठ असलेला बरा.

आता मंडळासाठी आमची एक सूचना. जयंतीची वर्गणी गोळा करताना आपल्याजवळ एक वही असते. तीत वस्तीतील एकही घर सुटत नाही. कोणाकडे सून आली, कोण वारले, कोणाचा मुलगा कमावता झाला, कोण पुण्याला गेले, सारे त्या वहीवरून कळते. सरकारी यादीपेक्षा ती वही अधिक खरी आहे असे आम्ही पैजेवर सांगतो. तीच वही आणि मतदारयादीचा आपला भाग शेजारी शेजारी ठेवून दोन कार्यकर्त्यांनी दोन संध्याकाळी बसावे. यादी बी.एल.ओ.कडे पाहायला मिळते. तो बहुधा गावच्या शाळेतील गुरुजी वा अंगणवाडीतील ताई असते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. अठरा वर्षे मोजण्यासाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार झाल्या आहेत. त्यामुळे मुलाला वर्षभर थांबावे लागत नाही.

नवीन नावासाठी ६ नंबरचा फॉर्म, नाव कमी करण्यासाठी ७ नंबरचा, आणि पत्ता बदलणे वा दुरुस्ती यासाठी ८ नंबरचा. सुनेचे नाव माहेरच्या यादीत असेल तर तिचा ६ नंबर भरू नये, ८ नंबर भरावा. नाहीतर नाव दुबार होते. त्यात तिच्या जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लिहावा लागतो व तोच पुढेही कायम राहतो. ते कार्ड बहुधा माहेरच्या कपाटातच राहिलेले असते. पंचमीला किंवा दिवाळीला जाईल तेव्हा तिने ते आठवणीने घेऊन यावे.